दादा कोणाला म्हणावे?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. मी मराठीची शिक्षिका. म्हणून आज आपल्यासमोर एकच शब्द ठेवणार आहे. तो आपल्या घरात आहे, रस्त्यावर आहे आणि शाळेच्या मैदानावरही आहे. तो शब्द म्हणजे ‘दादा’.

बाबा, मामा, काका, दादा ही सारी बाळाच्या तोंडची भाषा. एकच अक्षर दोनदा उच्चारले की नाते तयार होते. म्हणूनच असे शब्द अनेक भाषांत सापडतात, आणि प्रत्येक भाषेने ते आपल्या घरातल्या वेगळ्या माणसाला वाहिलेले असतात. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, बंगालीतही तोच. हिंदीत मात्र दादा म्हणजे वडिलांचे वडील. गुजरातीतही आजोबांना दादा म्हणतात आणि गणपती-हनुमानालाही भाविक ‘दादा’ म्हणूनच हाक मारतात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना या अर्थभेदाची गंमत रोज अनुभवायला मिळते. ‘माझे दादा सत्तर वर्षांचे आहेत,’ असे निबंधात लिहिणारा मुलगा आमच्या वर्गांत दरवर्षी एखादा तरी भेटतो. त्याला आम्ही ‘आजोबा’ हा शब्द देतो, पण हसत नाही. कारण ‘बापदादांची जमीन’ असे म्हणताना आपल्या मराठीनेही हा जुना अर्थ जपून ठेवलेला आहे.

नात्यातला हा शब्द आदरासाठी घराबाहेर पडला. गणेश वासुदेव मावळणकर हे अहमदाबादला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. १९५२ साली ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. आवाज न चढवता सभागृह शिस्तीत ठेवणारा वडीलधारा माणूस, हा त्या नावाचा अर्थ होता. सांगलीच्या तुरुंगातून १९४३ साली निसटलेले आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव पाटील ‘वसंतदादा’ म्हणूनच ओळखले गेले. तेव्हा पाठीशी उभा राहतो तो दादा, हा अर्थ घरापासून राजकारणापर्यंत पोचलेला होता.

मग याच शब्दाला गुंडाचा अर्थ कसा चिकटला? त्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरण्यांत कामाला आली. बहुतेकांची कुटुंबे गावीच राहिली. एका खोलीत अनेकांनी राहायचे, खानावळीत जेवायचे, वाण्याकडून उधारी घ्यायची आणि कामासाठी मुकादमाची मर्जी सांभाळायची. अशा परक्या शहरात आधाराला कोणी थोरला हवा होता. वस्तीतल्या आखाड्याचा, तालमीचा बलदंड प्रमुख ती जागा घेई. तो भांडणे मिटवी, ओळखीने काम मिळवून देई, अडल्यानडल्याला उभा राही. लोक त्याला दादा म्हणत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाचा अभ्यास करताना या दादांची दखल घेतली आहे. संपाच्या काळात कोणी दादा कामगारांच्या बाजूने उभा राहिला, तर कोणी संप मोडण्यासाठी वापरला गेला. रक्षणाची ताकद आणि धाकाची ताकद एकाच मनगटात होती. ती कोणासाठी वापरायची, हे ज्याचे त्याने ठरवले. जिथे रक्षणाचे मोल वसूल होऊ लागले, तिथे ‘दादा’ या शब्दाचा रंग पालटला. ‘हप्ता’ या शब्दाचेही तसेच झाले. मुळात हफ्ता म्हणजे आठवडा. पुढे तो कर्जफेडीचा भाग झाला आणि अखेरीस खंडणीचे दुसरे नाव.

या अर्थांतरात ‘-गिरी’ या प्रत्ययाचाही वाटा आहे. हा फारसीतून आलेला. मराठ्यांची मुलूखगिरी आपण इतिहासात वाचतो. शिपाईगिरी आणि हमालगिरी हे शब्द व्यवसाय सांगतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा या प्रत्ययात एका समाजाच्या वेदनेचा भार आला. ‘दादागिरी’त तो थोरलेपणाला लागला आणि थोरलेपण हाच एक धंदा झाला. आज वर्तमानपत्रे बलाढ्य राष्ट्रांच्या वागण्यालाही दादागिरी म्हणतात.

आपले व्याकरण मात्र हा भेद अचूक ओळखते. घरातला थोरला भाऊ कामावरून परतला की आपण म्हणतो, ‘दादा आला.’ त्या एकवचनात माया आहे. आदरणीय माणसाविषयी म्हणतो, ‘दादा आले.’ त्या बहुवचनात मान आहे. गल्लीतल्या दादाला समोर ‘आले’ आणि त्याची पाठ वळताच ‘आला’. ज्याच्यासाठी क्रियापद बदलावे लागते, त्याचा मान खरा नसतो, एवढे व्याकरण लहान मुलालाही कळते.

अर्थ खाली घसरतात तसे ते वरही चढतात. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट आला आणि दादागिरीच्याच साच्यातून ‘गांधीगिरी’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. चूक करणाऱ्याला फूल देऊन लाजवणे, असा त्याचा अर्थ सर्वांना समजला. ‘भाई’ या शब्दानेही हे चढउतार पाहिले आहेत. मुंबईच्या गुन्हेगारी जगाने तो उचलला, तरी गुजरातेत तो प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे आदराने लागतच राहिला, आणि पु. ल. देशपांडे आप्तस्नेह्यांसाठी अखेरपर्यंत ‘भाई’च राहिले. बंगालने तर सौरव गांगुलीवरच्या प्रेमापोटी ‘दादागिरी’ हे एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेचे नाव करून टाकले. शब्द मुळात चांगला किंवा वाईट नसतो. तो धारण करणारी माणसे जशी वागतात, तसा त्याचा अर्थ घडत जातो.

पालकहो, हे सारे मी केवळ भाषेच्या आवडीने सांगितले नाही. मध्यंतरी पाचवीतला एक मुलगा घरी म्हणाला, ‘माझ्या डब्यातला शिरा दादाला द्यावा लागतो.’ आईने विचारले, ‘कोणाच्या दादाला?’ तो म्हणाला, ‘वर्गाच्या.’ ती माउली माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिला शिऱ्याचे दुःख नव्हते. ‘बाई,’ ती म्हणाली, ‘हा घरात एकुलता एक. शाळेत त्याला एखादा दादा मिळेल, असे मला वाटले होते.’

त्या वर्गातल्या ‘दादा’शी आम्ही बोललो. शिक्षा केली असती तर त्याचा दबदबा वाढला असता. त्याऐवजी मधल्या सुट्टीत पहिलीच्या मुलांना पाण्याच्या नळापाशी रांगेत नेण्याचे काम त्याच्याकडे दिले. पहिले दोन दिवस तो ओरडत होता. तिसऱ्या दिवशी एका चिमुकल्याच्या बुटाची नाडी बांधताना दिसला. ती मुलेही त्याला दादाच म्हणत. हाक तीच होती. तिच्यातली भीती मात्र गेली होती. पाचवीच्या वर्गात अजून अधूनमधून कुरबूर होते, हेही सांगितले पाहिजे. सवयी एका आठवड्यात सुटत नाहीत.

म्हणून हीरक महोत्सवाच्या या वर्षी आम्ही एक साधी योजना सुरू करीत आहोत. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला आठवी-नववीतला एक दादा किंवा एक ताई नेमून दिली जाईल. शाळेत रुळेपर्यंत त्याचे दप्तर, त्याचा डबा, त्याचे रडणे आणि त्याचे मराठी यांची काळजी या थोरल्यांनी वाहायची. ज्या घरात मराठी फक्त आजीच बोलते, त्या घरातल्या बाळाला बोलायला हक्काचे दुसरे माणूस मिळेल. आणि ज्या थोरल्याला आपली ताकद कुठे खर्चावी हे उमगत नाही, त्यालाही ती खर्चायला जागा मिळेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. या शहरात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना घर शोधताना, मुलांना शाळेत घालताना, दवाखान्याची वाट विचारताना कोणीतरी थोरले लागते. ते काम आपण अंगावर घ्यावे. पालकांना एवढेच सांगणे, की मूल ‘दादा’ म्हणाले की कोणता दादा, हे एकदा प्रेमाने विचारून घ्या. उत्तर ऐकून समाधान वाटले तर आम्हाला कळवा. वाटले नाही, तर अवश्य आणि लगेच कळवा. शाळेचे दार त्यासाठी उघडे आहे.