हृदयपेशींचे राखणदार



भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या आम्ही मंडळींनी हृदयावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कोक ओव्हनची सिलिकाची वीट ज्यांनी हाताळली त्यांना ठाऊक आहे की, ती एकाएकी तापवली तर तडकते. आठवडेच्या आठवडे हळूहळू तापवावी लागते. हृदयाचीही अशीच एक गोष्ट आहे.

धमनीत गुठळी अडकली की स्नायुपेशींचा प्राणवायू तुटतो आणि त्या मरू लागतात. नव्या पेशी निर्माण होतात त्या नाममात्र : तरुणपणी वर्षाला सुमारे एक टक्का, उतारवयात त्याच्या निम्म्याहून कमी. गेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तेवढा उरतो.

१९८६ साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी पाच-पाच मिनिटे चार वेळा आवळली व मधूनमधून मोकळी केली. नंतर ती सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. अशी पूर्वतयारी न झालेल्या हृदयांच्या मानाने मृत स्नायू जेमतेम चतुर्थांश भरला! थोडक्या त्रासाने पेशी सावध झाल्या होत्या.

त्या सावध होतात त्या निरोप्या प्रथिनांमुळे. ताण पडताच ॲडिनोसिनसारखी द्रव्ये पेशीच्या दारावरील ग्राहकांना चिकटतात. मग आत प्रोटीन कायनेज सी, एकेटी आदी प्रथिने एकमेकांस फॉस्फेटचा गट चिकटवून निरोप पुढे धाडतात. निरोप पोहोचतो तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे पेशीच्या वीजघरापर्यंत. रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताच तेथील एक छिद्र उघडू पाहते. ते उघडले की पेशी संपली. राखणदारांचे काम ते मिटलेले ठेवणे. रक्त परत येण्याचा क्षणही घातक असतो, ही गोष्ट आम्हांस विटेवरून चटकन पटली.

रुग्णांसाठी याचा उपयोग अद्याप साधलेला नाही. दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून हृदय सावध करण्याचा उपाय पाच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासला गेला. २०१९ साली निष्कर्ष आला, लाभ नाही. शिवाय १९८६ च्या त्याच प्रयोगात धमनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा पूर्वतयारी निरुपयोगी ठरली होती. राखणदार थोपवून धरतात. धमनी उघडणे त्यांच्या हाती नाही.

आमच्यातल्याच एका सोबत्यांनी रात्रपाळीहून आल्यावर छातीतली जळजळ पित्ताची मानली, सोडा घेतला आणि उजाडण्याची वाट पाहिली. घरच्यांना उठवण्याचा त्यांना संकोच वाटला. ते वाचले, परंतु आज या सभागृहाच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले.