ब्राउझरची साक्ष



संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी एकाच साधनाबद्दल बोलणार आहे : ब्राउझरचे खरेखुरे वाटणारे ठसे तयार करणारे सॉफ्टवेअर. आपल्याकडे त्याची गणना चोरवाटांमध्ये होते. मला मात्र वाटते की ब्राउझरच्या ठशावरून माणूस ओळखण्याची पद्धत कुठे लंगडी आहे, हे या साधनाइतके स्पष्ट कोणीच दाखवलेले नाही.

पीटर एकर्स्ली यांनी 2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनसाठी 4,70,161 ब्राउझरांचे ठसे तपासले, त्यांतले 83.6 टक्के एकमेव निघाले. फाँट, पडद्याचा आकार, टाइमझोन, प्लगइन अशा किरकोळ गोष्टींची बेरीज कुकीशिवाय माग काढायला पुरली. फ्रान्समध्ये 2018 साली वीस लाखांहून अधिक ठशांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण 33.6 टक्क्यांवर आले. म्हणजे ठशाची ताकद नमुना कुठून घेतला यावरही ठरते. पण मुळातली गोष्ट वेगळीच आहे. हा ठसा म्हणजे समोरच्या यंत्राने स्वतःबद्दल दिलेला जबाब. तो पडताळायचा तर त्यातल्या विसंगती शोधण्यापलीकडे फारसा उपाय नाही.

आणि विसंगती सापडतातही. टाइमझोन विचारला तर क्रोम वर्षानुवर्षे ‘एशिया/कलकत्ता’ सांगत आला आहे, फायरफॉक्स ‘एशिया/कोलकाता’. स्वतःला फायरफॉक्स म्हणवणारा पाहुणा ‘कलकत्ता’ म्हणाला की तिथेच पकडला जातो. इन्स्पेक्टरचा गणवेश चढवून पायात कोल्हापुरी घालणाऱ्या बहुरूप्यासारखी ही गत. ब्राउझरचे नाव बदलणारी एक्स्टेन्शन वापरणारे लपण्याऐवजी अधिकच उठून दिसतात, हे 2013 च्या एका संशोधनाने दाखवले होते. प्रागच्या एपिफाय कंपनीच्या मुक्तस्रोत फिंगरप्रिंट-सूटने नेमके हे दुखणे हेरले. ते सुटी मूल्ये चिठ्ठ्या टाकून निवडत नाही. खऱ्या ठशांवरून शिकलेले बेजियन नेटवर्क आधी ठरलेल्या मूल्यांना धरून पुढचे ठरवते : आयफोन म्हटल्यावर ग्राफिक्स ॲपलचेच, आणि स्पर्शाचा पडदाही आलाच. जबाब सुसंगत झाला की पडताळणीचा तो एकमेव आधार डळमळतो. ज्याला फसवायचे आहे त्याच्या हाती हे साधन आहे. साधा वाचक आपला खराच ठसा देत फिरतो. पकडला जातो तो हाच.

यावर बँकांची बाजू मांडली जाईल : ठसे तपासल्याने फसवणूक अडते. आळशी चोर अडतो, हे मान्य. पण एप्रिल 2023 मध्ये एफबीआय आणि अनेक देशांच्या पोलिसांनी बंद पाडलेल्या जेनेसिस मार्केटमध्ये लोकांचे पासवर्ड आणि कुकी त्यांच्या अस्सल ठशांसकट विकल्या जात होत्या, आणि तो ठसा अंगावर चढवायला गिऱ्हाइकाला प्लगइनही मिळत होते. तिथे बनावट ठशाची गरजच नव्हती. संशयाची एक खूण म्हणून ठसा चालेल; ओळखपत्र म्हणून चालणार नाही. दुसरा आक्षेप छोट्या संकेतस्थळांचा : बॉट सर्व्हर बसवतात. तक्रार रास्त आहे, पण विनंत्यांवर मर्यादा घालायला, मोठ्या मागणीसाठी लॉगिन लावायला वाचकाच्या फाँटची यादी कशाला हवी?

मग सगळ्यांनाच बनावट ठसे का देऊ नयेत? कारण एकाच खात्यात रोज नवे यंत्र घेऊन येणारा माणूस सर्वांत संशयास्पद. शिवाय असे साधन जमवलेल्या नमुन्यांवर पोसते आणि जागतिक नमुन्यात ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातली मराठी, ही भाषापसंती विरळाच. विरळ मूल्य माणसाला उघडे पाडते. टॉर ब्राउझर उलट वाटेने सर्वांना एकसारखे दाखवू पाहतो. पण त्याची इंग्रजीखेरीज अन्य भाषेतली आवृत्ती ‘पाने इंग्रजीतच मागवू का?’ असे विचारते. लपायचे तर भाषा सोडा! हा सौदा मराठी वाचकावर लादू नये. ब्राउझरने भाषांची यादी प्रत्येक दारात वाचून दाखवण्यापेक्षा संकेतस्थळाने आपल्याकडच्या भाषा आधी जाहीर कराव्यात आणि निवड ब्राउझरने करावी. मग आपण मराठी वाचतो हे मराठी पान देणाऱ्यालाच कळेल. मानके ठरवणाऱ्यांपुढे ही मागणी कोणत्या मसुद्यासह न्यायची, ते उद्याच्या सत्रात ठरवू या.