बार्बा झावेरियो : एका शेतकरी कुलवृद्धाचें स्मरण
(ज्युबिलीनिमित्त झालेलें भाषण)



धर्मग्रामाची ज्युबिली आली कीं देवळाच्या बांधणीची व धर्मगुरूंच्या श्रमांची आठवण निघते, आणि ती निघावीच. परंतु ज्या वृद्धांनीं दिवेलागणीला जपमाळ हातीं घेऊन घराघरांत ही श्रद्धा राखली, त्यांचीं नांवें कोणत्याहि शिलेवर कोरलेलीं नसतात. अशाच एका दूरदेशच्या शेतकरी कुलवृद्धाचें स्मरण आज आम्ही करणार आहों.

इटलीच्या उत्तरेस बेर्गामो शहराजवळ सोत्तो इल मोंते नांवाचें खेडें आहे. नांवाचा अर्थच ‘डोंगराखालीं’ असा. तेथील रोंकाल्ली कुळांत १८२४ सालीं झावेरियो यांचा जन्म झाला. झावेरियो म्हणजे आपला झेवियर. ज्या संताचा देह जुन्या गोव्यांत आहे, त्याचेंच हें नांव. तिकडच्या बोलींत काकांना बार्बा म्हणतात. म्हणून घरांत ते बार्बा.

बार्बांनीं लग्न केलें नाहीं; तरी एकत्र कुटुंबाचे कर्ते तेच. तीसएक माणसें एका छपराखालीं राहत. जमीन जमीनदाराची, कसावी यांनीं, आणि अर्धें उत्पन्न जावें धन्याकडे. आपल्याकडे अर्धेलीनें जमीन कसलेल्यांना हें दुःख समजावून सांगावयास नको. रोजचें अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, मांस क्वचित्. असें असूनहि दारीं भिकारी आला तर त्याला मुलांच्या पंक्तींत बसवून घेत. ज्या घरीं पुरेसें नव्हतें, तेथें वाटा मात्र निघत होता.

२५ नोव्हेंबर १८८१ रोजीं पुतण्या जोव्हान्नी बात्तिस्ता यांना चौथें अपत्य व पहिला मुलगा झाला. त्याच दिवशीं मुलाचा बाप्तिस्मा झाला, आणि धर्मपिता म्हणून सत्तावन्न वर्षांचे बार्बा उभे राहिले. मुलाचें नांव आंजेलो ठेवलें. बार्बांनीं त्या वेळीं दिलेला शब्द देवळाच्या पायरीवर ठेवून ते घरीं परतले नाहींत. मुलाला प्रार्थना शिकवल्या, येशूच्या पवित्र हृदयाची भक्ति लावली, संध्याकाळच्या जपमाळेला सर्व घर एकत्र बसवलें.

शेतकऱ्याच्या घरीं थोरला मुलगा म्हणजे शेताला मिळणारे दोन हात. तीस तोंडांच्या कुटुंबाला ते किती हवे असतात, हें आम्हां वाडीवाल्यांना ठाऊक आहे. तरी १८९२ सालीं आंजेलो बेर्गामोच्या सेमिनरींत गेला. १९०४ सालीं त्याला गुरुदीक्षा मिळाली, व त्यानें आपल्या गांवीं मिस्सा अर्पण केली, तेव्हां बार्बा ऐंशी वर्षांचे होते. १९१२ सालीं, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. जमीन त्यांची नव्हती, संतान त्यांचें नव्हतें. मृत्युपत्रांत लिहावें असें त्यांच्यापाशीं काय होतें?

बंधुभगिनींनो, तोच आंजेलो १९५८ सालीं पोप तेविसावा जॉन झाला. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६२ सालीं त्यानेंच भरवली, आणि २७ एप्रिल २०१४ रोजीं त्याचें नांव संतांच्या मालिकेंत गेलें. पोप झाल्यावरहि त्यानें भावांना मानमरातब दिले नाहींत. ते शेतकरीच राहिले. गरिबीची लाज न बाळगण्याचें हें शिक्षण ज्या घरांत मिळालें, त्या घराचे वडील बार्बा होते. यांतलें कांहींहि पाहावयास ते हयात नव्हते. पेरणारा तो, कापणी दुसऱ्याची. शेतकऱ्याला हें नवें नाहीं.

आज आमच्या वाड्यांतून घरें विभागलीं, कित्येक शेतें इमारतींखालीं गेलीं. म्हाताऱ्यांची खाट मागच्या पडवींत सरकली आहे. त्यांच्यापाशीं देण्यासारखें उरलें नाहीं असें आम्हांस वाटूं लागलें आहे, आणि कदाचित् त्यांनाहि. तें खरें नाहीं. म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आमची एवढीच विनंति : आज रात्रीं घरांतल्या सर्वांत वयस्क माणसाला खाटेवरून उठवून मधल्या घरांत आणा, जपमाळ त्यांच्या हातीं द्या, आणि लहान मुलाला त्यांच्या शेजारीं बसवा. पुढचें काय होईल, तें पाहणें देवाकडे.

देव तुमच्या सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो.