भिंतीवरचे तीन शब्द
(इंदापूरच्या बैठकीतलं भाषण)



बारामतीहून एस्टीनं येताना एका भिंतीवर वाचलं : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. खाली बाबासाहेबांचं नाव. मीही हेच ओरडत मोठा झालो. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले, तो क्रम होता एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. म्हणजे आधी मनं ढवळायची, मग संघटना. मराठीत येताना मधला शब्द शेवटाला गेला, त्याचा संघर्ष झाला आणि पुढाऱ्यांचं फावलं. म्हणतात, आधी पावती फाडा, संघर्षाचं बघू मागनं!

अन् एज्युकेट म्हणजे नुसतं शिका नव्हे, शिकवा. दुसऱ्याला. आमच्यातला एखादा शिकतो, बारामतीत ब्लॉक घेतो, वस्तीकडं फिरकत नाही. तरी त्याला वाटतं, पहिला शब्द आपण पाळला. (मीही पाच वर्षं त्यातलाच.)

मराठीतच 'शिकवा, चेतवा, संघटित करा' असंही एक रूप आहे. चेतवा! आया चूल चेतवतात तसं. मला तेच जवळचं वाटतं.

उद्या आपली भिंत रंगवायचीय. चुना, नीळ आणलीय. कुठले शब्द लिहायचे ते आत्ताच बोला.