यंत्रात बसलेला मुलगा
(चिंचवड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



व्याख्यानमालेत जपानी कार्टूनवर बोलायचे म्हटल्यावर ज्येष्ठांच्या कपाळावर आठी येणारच. पण इथल्या बऱ्याच मंडळींची हयात टेल्कोत, बजाजमध्ये नाहीतर भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये गेली आहे. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका खरी कळेल ती तुम्हालाच. नातवंडांना ती नुसती आवडते.

७ एप्रिल १९७९ रोजी ती सुरू झाली नागोयाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून. नागोया म्हणजे टोयोटाचा मुलूख, मोटारींवर जगणारा. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. नायक आमुरो रे, वय पंधरा. अंतराळातल्या एका वसाहतीत राहणारा, कॉम्प्युटर उघडून बसला की जेवणाचे भान न उरणारा मुलगा. शत्रूचे रोबो वसाहतीवर चालून येतात आणि पळापळीत त्याच्या हाती एक पुस्तिका लागते. ‘गंडम’ या अठरा मीटर उंचीच्या नव्या लढाऊ यंत्राचे ते मॅन्युअल! पुस्तिका हातात धरूनच तो कॉकपिटमध्ये शिरतो. आधीच्या रोबो-मालिकांतले नायक आरोळ्या ठोकत. हा पाने उलटतो. आयटीआयतून नुकताच आलेला अप्रेंटिस नव्या मशीनपुढे जसा उभा राहतो, तसाच हा बसलेला असतो. कुठले बटण कशाचे, हे त्याला खरोखरच ठाऊक नसते.

आणि तरी तो जिंकतो. इथे तोमिनो थांबले असते तर मी आज आलो नसतो. आमुरोने मारलेल्या पहिल्या रोबोचा स्फोट होतो, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि त्या भगदाडातून त्याचा बाप बाहेर फेकला जातो. बाप कोण? हे यंत्र तयार करणारा अभियंता. मुलाला त्या घटकेला पत्ताही नसतो. पुढे तिसाव्यानंतरच्या एका भागात दोघांची गाठ पडते. प्राणवायूअभावी बापाचा मेंदू अधू झाला आहे. तो मोठ्या अभिमानाने मुलाच्या हातात एक सुटा भाग ठेवतो: हा गंडमला लाव, ताकद वाढेल. मुलाला एका नजरेत कळते, भाग केव्हाच कालबाह्य झालेला आहे. बापासमोर तो काही बोलत नाही. बाहेर आल्यावर तो भाग रस्त्यावर आपटतो. बजाजचा आकुर्डीचा स्कूटरचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला, तेव्हा ज्यांच्या हातातले कसब एका दिवसात जुने ठरले, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. मला विचाराल तर सगळ्या लढाया एका पारड्यात आणि हा प्रसंग दुसऱ्या.

आता यंत्राकडे वळू. गंडमला दैवी शक्ती नाही, मॉडेल नंबर आहे: आरएक्स-७८-२. दारूगोळा संपतो, सांधे कुरकुरतात, लढाई झाली की मेंटेनन्सवाले रात्रभर राबतात. मुख्य म्हणजे हा प्रोटोटाइप आहे. त्याच्या चाचणीतून शिकून ‘जिम’ नावाचे स्वस्त, साधे यंत्र मोठ्या संख्येने काढले जाते, आणि अखेरच्या मोठ्या लढायांत फौज उतरते ती त्या जिमची. पोरगा कितीही शूर असला तरी युद्धाचा हिशेब उत्पादनाकडून चुकता होतो. मुलांच्या मालिकेत हे सांगायला धाडस लागते. मालिकेवरची खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांतच आटोपती घेतली गेली. पुढे १९८० मध्ये बांदाई कंपनीने प्लॅस्टिकची जोडायची मॉडेल आणली, तेव्हा कुठे गंडमचे वेड लागले.

यंत्रात मुलालाच का बसवले? धंद्याचे उत्तर सोपे आहे: पाहणारी मुले, म्हणून नायक मुलगा. पण तोमिनो १९४१ चे. दुसऱ्या महायुद्धातले झिरो विमान घडले ते नागोयात, मित्सुबिशीकडे. त्या युद्धाच्या अखेरीस जपानने शाळकरी मुलांना कारखान्यांत जुंपले आणि विशीतल्या पोरांना परत न येण्यासाठी विमानांत बसवले. त्या देशात पंधरा वर्षांचा वैमानिक ही निव्वळ कल्पना राहत नाही. तेराव्या भागात आमुरो आईला भेटतो आणि तिच्या डोळ्यांदेखत एका सैनिकावर गोळी झाडतो. आईला आपला मुलगा ओळखू येत नाही. शौर्याचे कौतुक करणारे कोणी तिथे नसते.

यंत्रात माणसाला बसवायचेच कशाला, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर निघाले ते अगदी जवळ, दिघीत. डीआरडीओच्या तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने ‘दक्ष’ घडवला. बॅटरीवर चालणारा, जिना चढणारा, क्ष-किरणांनी संशयित वस्तू तपासून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करणारा. २०११ पासून तो लष्करात दाखल होऊ लागला. त्याला कॉकपिट नाही. चालवणारा जवान दूर, रिमोट हाती घेऊन. दिसायला तो अगदीच बेंगरूळ. त्याचे मॉडेल कोणी कपाटात मांडणार नाही. चाकणच्या बॉडी शॉपमध्येही वेल्डिंगचा रोबो जाळीच्या आत आणि टीच पेंडंट घेतलेला ऑपरेटर बाहेर. दार उघडले की इंटरलॉक तुटतो, हात जागच्या जागी थांबतो. माणसाला यंत्राच्या तडाख्याबाहेर ठेवण्याची ही शिस्त कारखान्यांनी बोटे गमावून मिळवली आहे.

म्हणून आमुरोकडे मी नायक म्हणून कमी आणि अपघातग्रस्त ऑपरेटर म्हणून जास्त पाहतो. ट्रेनिंग नाही, पाळी बदलायला दुसरा कोणी नाही, आणि नाही म्हणायची सोयही नाही. एकदा तो यंत्रात बसायला नकार देतो, तर जहाजाचा कप्तान त्याच्या थोबाडीत मारतो. तो कप्तानही अवघा एकोणीस वर्षांचा.

चित्रे जुनी आहेत, मधले काही भाग रटाळ आहेत, तरीही ही मालिका घरातल्या मुलांबरोबर बसून पाहा, आणि तो सुटा भाग का निरुपयोगी होता, हे त्यांना तुम्ही सांगा.