दुभाष्याची बदली

(आपल्या १९९० च्या दहावीच्या तुकडीच्या अमरावती येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'माझा व्यवसाय, माझे अनुभव'. आपल्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, एक जण तर थेट मंत्रालयात आहे. मी अकोल्यात लग्नपत्रिका, अल्बम आणि फ्लेक्स करतो. या स्मरणिकेसाठी फोटो मागून मागून गेले दोन महिने ज्याने तुम्हाला वैताग दिला, तो मीच. तेव्हा आज जरा माझा वैताग तुम्ही ऐका.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, माझे वडील इथे अमरावतीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन तिकडे जायचो. लाकडी केसचे शेकडो खाने, त्यात शिशाचे खिळे. मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. बाबा न बघता हात घालायचे आणि बरोबर तोच खिळा बाहेर यायचा. छपाई झाली की खिळे धुऊन परत आपापल्या खान्यात. झिजले की भट्टीत वितळवायचे आणि त्याच शिशाचे नवे ओतायचे. बाबा कामाला लागायच्या आधीचं ट्रेडल मशीन ते निवृत्त झाले त्या दिवशीही चालू होतं. त्या मशीनने कधी बाबांना सांगितलं नाही की, तुमचे खिळे आता मला ओळखू येत नाहीत.

मी १९९५ मध्ये अकोल्यात डीटीपी सुरू केलं. पेजमेकर, श्रीलिपी, एक लेझर प्रिंटर आणि दिवसाला अनेक तास भारनियमन. पत्रिकेतलं 'आमच्या येथे श्री कृपेकरून' टाईप होईपर्यंत लाईट जायची. पण तो त्रास दिसणारा होता. लाईट गेली की सगळ्या गल्लीची जायची, कुणावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. मी सांगणार आहे तो त्रास दिसत नाही.

संगणकात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग असतो. पडद्यावर दिसणारं चित्र तो तयार करतो. माझ्यासारख्याचं अख्खं पोट त्याच्यावर. ते कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव ड्रायव्हर असलं तरी तो गाडी चालवत नाही. तो दुभाष्या आहे. आपली एक मैत्रीण मेळघाटात आरोग्यसेवेत होती, तिला विचारा. धारणीकडच्या दवाखान्यात डॉक्टर पुण्याहून आलेला, त्याला फक्त मराठी येतं. पेशंट आजी फक्त कोरकू बोलतात. मध्ये एक नर्स असते, तिला दोन्ही येतं. ती आहे तोवर दवाखाना चालतो. तिची बदली झाली की डॉक्टर तोच, आजी त्याच, औषधं तीच, पण दवाखाना बंद पडल्यासारखा. ड्रायव्हर म्हणजे ती नर्स.

आता गंमत अशी की या नर्सची बदली तुम्हाला न विचारता होते. कधी रात्री संगणक आपोआप अपडेट होतो आणि सकाळी नवीन नर्स खुर्चीत बसलेली असते. कधी कार्ड बनवणारी कंपनी सांगते की, तुमचं कार्ड जुनं झालं, यापुढे त्याच्यासाठी नर्स मिळणार नाही. एनव्हिडियाने २०१२ च्या सुमारास आणलेल्या केप्लर पिढीच्या कार्डांचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीचे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. त्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा आधारही संपला. विंडोज ११ घ्यावी तर ती जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे कार्ड धडधाकट, पंखा फिरतोय, चित्र दिसतंय, आणि तरी ते म्हातारं. आज अकोल्याहून येताना माना ते लोणीचा तो रस्ता लागला, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेलेला. रस्ता नवा कोरा, पण माझी २००९ ची मोटरसायकल त्याच्यावर बिनतक्रार चालते.

हे झालं गाऱ्हाणं. आता खरा अनुभव सांगतो. तो सांगायचा की नाही, यावर मी चार दिवस घालवले.

मे २०२२. लग्नसराई. दोन वर्षं अडलेली लग्नं एकदम निघाली होती. माझ्याकडे तेव्हा मूर्तिजापूरचा एक मुलगा कामाला होता, बावीस वर्षांचा. सकाळच्या गाडीने यायचा, रात्रीच्या गाडीने जायचा. हात चांगला, डोळा त्याहून चांगला. एका अल्बमची छत्तीस पानं त्याने दोन दिवसांत लावली, चेहऱ्यांचे रंग दुरुस्त केले, मी वरवर पाहिलं आणि छापायला पाठवलं. अल्बम आला तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नवरी पिवळी. हळदीच्या फोटोत शोभली, पण वरमाला, सप्तपदी, पाठवणी, सगळीकडे हळदच! नवरीचे वडील दुकानात येऊन जे बोलले ते इथे गुरुजनांसमोर सांगता येणार नाही.

मी सगळा अल्बम पदरच्या खर्चाने पुन्हा छापून दिला. आणि त्या मुलाचा अर्धा पगार कापला. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुले डोळे देल्ले का देवानं?" तो काही तरी सांगत होता. मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात तो आला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मी स्वतः एक अल्बम करत होतो. एका सकाळी पडदा मला गार, निळसर वाटला. आदल्या दिवशीचाच फोटो, आणि चेहरा थंडीने गारठल्यासारखा. मी सवयीने पिवळा रंग वाढवायला लागलो आणि हात थांबला. पडदा निळा दिसतो म्हणून मी पिवळा वाढवतोय. फोटो मुळात बरोबर असेल तर छापून काय येईल? पिवळी नवरी.

तेव्हा मला आपल्या विज्ञानाच्या सरांचा तास आठवला. सर आज आपल्यात नाहीत. प्रयोगशाळेत आपण घाईने दोन्ही गोष्टी बदलायचो, की सर वहीवर बोट ठेवून विचारायचे, "कशामुळे झालं, हे आता कसं सांगशील?" एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची नोंद. मी खुर्ची मागे घेतली, काही न बदलता फक्त पाहिलं. कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगांचा मेळ मी बसवून ठेवला होता, छापलेला कागद शेजारी धरून, तासभर खपून. तो पुसला गेला होता. ड्रायव्हरची तारीख बदललेली होती. रात्री नवी नर्स आली होती आणि येताना जुनीची वही तिने फेकून दिली होती.

मग मी अपडेटची जुनी यादी उघडली आणि खाली खाली गेलो. मे २०२२ मध्ये एक नोंद होती. ज्या दिवशी त्या मुलाने अल्बमला हात लावला, त्याच्या आदल्या रात्रीची.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या रविवारी मूर्तिजापूरला गेलो. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. मी कापलेले पैसे पाकिटात घालून नेले होते. सगळं सांगितलं. तो काउंटरवरचा मोबाईल उघडत उघडत ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, मी तं तवाच म्हटलं होतं तुम्हाले, का स्क्रीन निळी दिसून राह्यली म्हनून. तुम्ही म्हटलं, तू काम कर." पाकीट त्याने घेतलं. परत कामावर ये म्हटलं तर हसून म्हणाला, "नाही भाऊ, अथी बरं आहे." त्याचं बरोबर होतं. पैसे परत देता आले. चार गिऱ्हाइकांसमोर बोललेलं परत घेता आलं नाही. ती चार गिऱ्हाइकं पुन्हा एकत्र कुठून आणू? म्हणून आज तुम्हा शंभर जणांसमोर सांगतोय.

मित्रहो, या दुभाष्यामुळे मोठमोठे लोक अडले आहेत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा ती कोसळण्याच्या मायक्रोसॉफ्टने नोंदवलेल्या घटनांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी जोडलेल्या होत्या. हे पुढे अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता, पण संगणकाच्या तितक्याच आतल्या थरात बसणारा होता. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. आणि छापखान्याच्या मुलाला आवडणारी एक गोष्ट: १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेझर प्रिंटरचा प्रोग्रॅम सुधारायचा होता. कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढीच इच्छा. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. त्या चिडीतून पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. मी चळवळ उभी केली नाही. माणूस गमावला, एवढंच.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी, दवाखान्यात, क्लासमध्ये संगणक आहे, त्यांच्यासाठी मी शिकलेलं चार वाक्यांत सांगतो. ज्या ड्रायव्हरवर काम नीट चाललंय, त्याची फाईल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. कंपनीच्या साइटवर ती कायम असेलच असं नाही. कामाच्या ऐन हंगामात कुठलाही बदल नको. माझ्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आठवडाभर आधीपासून सराई संपेपर्यंत ड्रायव्हरला हात लागत नाही. अपडेट कायमचे बंदही करू नका, कारण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. जे मशीन जुन्याच अवस्थेत ठेवायचं आहे, ते इंटरनेटपासून तोडा. आणि पडदा दोन सेकंद काळा होऊन परत आला तर लगेच मशीन बदलायला धावू नका: कार्ड साधारण दोन सेकंदांत उत्तर देईना, की विंडोजच त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. आपल्याकडे मे महिन्याची उष्णता आणि पंख्यात अडकलेली धूळ हेही त्याचं कारण असतं. आधी ब्रश मारा.

माझ्या दुकानात आता संगणकाशेजारी एक साधी वही टांगलेली आहे. तारीख, काय बदललं, कोणी बदललं, कसं दिसलं. पहिल्या पानावर मी एकच नियम लिहिला आहे: मुलगा म्हणाला 'वेगळं दिसतंय', की काम थांबवायचं. गेल्या तीन वर्षांत कुणाचाही पगार कापलेला नाही.

या स्मरणिकेत आपला दहावीचा ग्रुप फोटो आहे. मूळ फोटो पस्तीस वर्षांत पिवळा पडलाय. बऱ्याच जणांनी फोन केले, "जरा रंग नीट कर रे." केला आहे. पण आधी छापलेला कागद शेजारी धरून पडदा तपासला, आणि मग हात लावला. दुसऱ्या रांगेत डावीकडे विज्ञानाचे सर उभे आहेत. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बरोबर आलाय का, ते आपल्या बाईंनी पाहून मला सांगावं. त्यांना तो चेहरा माझ्यापेक्षा नीट आठवत असेल.

मागून हात दाखवताहेत, रोडगे तयार आहेत आणि वांग्याची भाजी थंड होते आहे. थांबतो.