यंत्रामागे माणूस हवा



गरीब घरातील मुलाच्या हाती स्वतःचा संगणक असावा, ही कल्पना २००५ साली एका आकर्षक आकड्यासह जगापुढे आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपॉण्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ हे त्या योजनेचे नाव.

यंत्र खरोखर कल्पकतेने घडवलेले होते. भर उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी शिरू न देणारा रबरी कळफलक, विजेची अत्यल्प गरज आणि शेजारच्या यंत्राशी परस्पर जोडले जाण्याची सोय. किंमत मात्र शंभरावर थांबली नाही. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले, तेव्हा ती १८८ डॉलरच्या घरात गेली होती.

भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच या योजनेस नकार दिला होता. शाळाखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, असे खात्याचे म्हणणे होते. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथे वीस-बावीस मुलांच्या शाळेत हे लॅपटॉप आले. एकच खोली, चार इयत्ता आणि एकच शिक्षक! मुलांना यंत्र लगेच उमगले. परंतु ते अभ्यासाशी जोडण्याचे काम अखेर त्या एकट्या शिक्षकाच्याच खांद्यावर होते.

हीच गोष्ट पेरू देशात मोठ्या प्रमाणावर दिसली. तेथील सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली ग्रामीण भागातील ३१९ शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुलांची संगणकाची ओळख वाढली होती, विचारशक्तीच्या काही चाचण्यांतही थोडी प्रगती होती. पण गणित आणि भाषा या विषयांत काहीच फरक पडला नव्हता. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांना मिळालेले मार्गदर्शन तोकडे होते.

उरुग्वे या छोट्या देशाने निराळी वाट धरली. २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला. तेथेही आरंभीच्या अभ्यासात गुण वाढलेले आढळले नाहीत. मात्र तो देश वाटप करून थांबला नाही. शाळांपर्यंत इंटरनेट नेले, दुरुस्तीची व्यवस्था उभारली. २०१२ पासून दूरस्थ शिक्षक पडद्यावरून इंग्रजी शिकवू लागले आणि वर्गातील शिक्षक त्यांच्या जोडीला उभे राहिले. यंत्राचे सार्थक झाले ते माणसांच्या या जोडीमुळे.

२०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी एकच फोन होता आणि तोही वडिलांसोबत कामावर जात होता, त्या घरातील मुलाची शाळा बंदच राहिली. साधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो साधनानंतरच्या जबाबदारीचा.

अनेक सुस्थित घरांत जुना लॅपटॉप कपाटात पडून असतो. तो अवश्य द्यावा. देण्यापूर्वी बॅटरी तपासावी, मराठी टंकलेखनाची सोय करावी, बिघडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून ठेवावे. आणि त्यासोबत आठवड्यातील एक संध्याकाळही द्यावी. मुलाशेजारी बसून त्याच्याकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा, एक गणित सोडवून घ्यावे. वाटपाचा समारंभ एका तासात आटोपतो; विद्यादान मात्र वर्षानुवर्षे चालते. ज्या वस्तीत यंत्र जाईल, त्या वस्तीत देणाऱ्याची पावलेही पुन्हा पुन्हा वळली पाहिजेत.